चौथ्या दाराची घंटा

३ फेब्रुवारी, सोमवार

बंद केली! चार महिने खपून लिहिलेली माझी तपासणी आज बंद केली. बंद करायला एक वाक्य पुरलं — "थांबवायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं."

झालं असं, की आज नवं गिऱ्हाईक आलं होतं. मोठा पडदा, सहा पाहुणे, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. आमच्या साहेबांचा जीव डेमोत अडकलेला असतो, म्हणून या वहीत ते डेमोमहाराज. महाराजांनी हात चोळत अ‍ॅप सुरू केलं आणि ते सुरूच झालं नाही. पडद्यावर लाल अक्षरं — कॉन्फिगमध्ये फोन नंबर आकडा म्हणून लिहिलाय, मजकूर म्हणून हवा, सुरू होणार नाही. बरोबरच होतं! आकडा म्हणून लिहिला की सुरुवातीचं शून्य उडतं. घंटा वाजली असती आणि फोन भलत्याच माणसाला गेला असता. हे आधी कळावं म्हणून तर तपासणी लिहिली.

वहीला सगळं ठाऊक आहे, पण राग आला की मी पहिल्यापासून सांगत बसते. आमचं अ‍ॅप वृद्धाश्रमांच्या दारांसाठी आहे. घंटा दुसरंच कुणी बनवतं, ती कधी वाजायची ते आम्ही ठरवतो. आणि अ‍ॅपला ते कळतं कॉन्फिगमधून — एका आश्रमाची एक फाइल. दारं किती, बाहेर पडलेला माणूस किती सेकंदांत परत आत आला नाही तर घंटा, फोन कुणाला. अ‍ॅप ज्या भाषेत लिहिलंय त्या जावास्क्रिप्टला त्या फाइलीत काय आहे आणि काय नाही याचं सोयरसुतक नसतं. जी गोष्ट तिथे नाहीच ती मागितली, तरी ती ओरडत नाही. "अनडिफाइन्ड" म्हणते आणि पुढे चालू लागते. म्हणून सुरुवातीलाच कुणीतरी उभं राहून विचारायचं — सगळं आहे ना? नसेल तर सुरू व्हायचं नाही. एवढंच काम. दोनशे ओळी.

"मॅडम, सहा लोकांपुढे माझी शोभा झाली," महाराज म्हणाले. आता फाइल चुकीची असली तरी अ‍ॅप सुरू होणार आणि इशारा लॉगमध्ये जाणार. लॉग म्हणजे जिथे कुणीही फिरकत नाही ती जागा.

अकरा वर्षं इथे आहे. महाराजाला पाच झालीत. पण थांबवायचं की नाही, ते तो सांगणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॉगमध्ये आज नऊ इशारे. वाचणारं कुणी नाही. मीही वाचले नाहीत, फक्त मोजले — बघू यांना किती दिवस खपतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे जाऊन आले. दादाही आला होता, वहिनीला घेऊन, पाऊण तासासाठी. गाडीची किल्ली शेवटपर्यंत हातातच.

"तुमचीच सिस्टीम आहे इथे, मग कसली काळजी," दादा म्हणाला. हे वाक्य मुळात माझं. आठ महिन्यांपूर्वी बाबा गॅस चालू ठेवून झोपून गेले तेव्हा दादाने आश्रमाचा विषय काढला. मी आठवडाभर भांडले, आणि मग हा आश्रम मीच सुचवला. का, तर इथल्या दारांना आमच्या घंटा! फार शेखी मिरवली तेव्हा. "यांना एकट्याने बाहेर सोडू नये" या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत. वर दादाची, खाली माझी.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. छत्तीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले, शिक्के मारले. पितळी वजनांची छोटी पेटी अजून त्यांच्या कपाटात आहे, औषधांच्या शेजारी. लहानपणी घरात साखर आली की आधी ती पेटी बाहेर यायची. आई वैतागायची — "अहो, दुकानदार आपल्या शेजारचाच आहे." बाबा म्हणायचे, म्हणून तर तपासतोय, उगाच मनात संशय राहायला नको. मी तपासणी लिहायला कुठे शिकले ते महाराजांना कोण सांगणार?

आज बाबांची एकच तक्रार. मागचं दार बागेत उघडतं, दार क्रमांक चार. तिथल्या पायरीवर बसून बूट घालायचे आणि थोडं ऊन खायचं, एवढंच त्यांना हवं असतं. पण वीस सेकंद झाले की घंटा. दाराशीही वाजते आणि ड्युटीवरच्या नर्सच्या फोनवरही. "एक नाडी बांधून होते, दुसरीला हात घातला की बोंब. मग सगळे असे बघतात, चोर सापडल्यासारखे." दादा हसला. वहिनीही हसल्या. मला नाही हसू आलं. बाबा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. निघताना मला एकटीला म्हणाले, "तुझ्या हातात असेल तर बघ गं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांचं काम करून टाकलं. त्यांच्या आश्रमाच्या फाइलीत दार चारसाठी वेगळी वेळ — नव्वद सेकंद. दोन्ही नाड्या बांधून होतील, वर थोडं ऊनही मिळेल. बाबांच्या चालीने नव्वद सेकंदांत माणूस बागेच्या फाटकापर्यंतही पोचत नाही, त्यामुळे धोका काही नाही.

नियमाने असा बदल दुसऱ्या कुणाला दाखवायचा आणि मगच चालू अ‍ॅपवर चढवायचा. चष्मेवाली जेवायला गेली होती. (सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा.) एका ओळीसाठी कुठे तिची वाट बघत बसायची? चढवली. दोन मिनिटांत झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांचा फोन. "काम झालं बरं का. समजलं मला." पुढे काही नाही, ठेवून दिला. पण आवाज इतका खूश! आई गेल्यापासून असा ऐकला नव्हता. नव्वद सेकंदांत माणूस एवढा खूश होतो, तर हे आधीच करायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबा उन्हाने काळवंडलेत. छान दिसतात. नर्स म्हणाली, काका आजकाल दोन घास जास्त खातात. बाग मानवली म्हणायची. बुटांचे तळ झिजलेत, नवे आण, म्हणाले. रबरी तळाचे हवेत, घसरायला नको. आणेन पुढच्या वेळी.

गॅसचा विषय मी चुकून काढला. म्हणाले, "एकदा राहिला. एकदा. चूक झाली की माणूस कायमचा बाद, हा कुठला नियम? आम्ही तराजूसुद्धा दुरुस्त करायला मुदत द्यायचो." सही माझीही आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चाळीस इशारे. मोजायचाही कंटाळा आला.

६ मार्च, गुरुवार

बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, तपासणी परत चालू करा, रोज इशाऱ्यांचा ढीग पडतोय.

"मॅडम, महिनाभरात एकतरी तक्रार आली?"

नाही आली.

"मग?"

मग काय, मग! घंटा वाजली की लोक तक्रार करतात. वाजली नाही तर कोण करणार? न वाजलेली घंटा ऐकू येते कुणाला? हे मी तोंडावर म्हटलं. महाराज हसले आणि पुढच्या विषयावर गेले. मी इथे बाकावर बसवलेली खडूस बाई आहे, सगळ्यांना ठाऊक झालंय. चष्मेवाली मान डोलवत होती, महाराजांनी बघितल्यावर तिने मान थांबवली. तिच्या वयात मीही थांबवली असती. खोटं — मी नसती थांबवली.

माझ्यासारखं सरळ वागणारं या ऑफिसात कुणी नाही आणि म्हणूनच माझं कुणी ऐकत नाही. हे लिहिताना बरं वाटतं.

१८ मार्च, मंगळवार

बाबा सापडले. सापडले आहेत. हे आधी लिहून ठेवते.

साडेतीनला नर्सचा फोन — काका खोलीत नाहीत, बागेत नाहीत. मी विचारलं, घंटा? "घंटा वाजलीच नाही हो ताई." म्हटलं, असं कसं होईल? ती रडायला लागली. मी तशीच निघाले. टॅक्सीवाल्याला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

त्या भागातल्या सगळ्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. दादाला फोन केला, तो गाडीत होता, म्हणाला, "मी काय करू इथून?" सात वाजायला आले होते. चार गल्ल्या पलीकडे, एका बंद गोदामाच्या मागे बाबा मिळाले. एका दुकानदाराने आधी बघितलं, त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. पडल्यावर उठता आलं नव्हतं. डावं मनगट मोडलंय. चार तास तिथे बसून होते, पाण्यावाचून. पायात तेच झिजलेले बूट. नवे माझ्या घरी पिशवीत पडलेत.

१९ मार्च, बुधवार

मनगटात दोन खिळे बसवले, वर प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, या वयात सहा आठवडे धरून चाला.

दादा आला. पाच मिनिटं बाबांचा हात बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुमचीच सिस्टीम." पुढे काही म्हणायची गरजच नव्हती.

बाबांना विचारलं, कुठे निघाला होतात? म्हणाले, "राहू दे." रस्ता विसरलात का? "राहू दे म्हटलं ना." मग थोड्या वेळाने, "तुला ऑफिसात काही बोलले का कुणी?" हात मोडलाय स्वतःचा आणि काळजी माझ्या ऑफिसची! मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन रडले.

घंटा का वाजली नाही? माझे नव्वद सेकंद धरले तरी वाजायलाच हवी होती. चार तासांत नव्वद सेकंद किती वेळा होतात!

२० मार्च, गुरुवार

हॉस्पिटलातच होते. महाराजांचा फोन. "सापडलं मॅडम. मूळ कॉन्फिग आणि आश्रमाची कॉन्फिग जोडण्याचं जे कोड आहे ना, दोष तिथे आहे. नव्या मुलीने लिहिलंय. मंगळवारी आश्रमाला अहवाल द्यायचाय, त्यात तसं टाकतो. तिला अजून कायम केलेलं नाही, त्यामुळे फार गुंता नाही."

मी तिथल्या तिथे चष्मेवालीला फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. शेवटी म्हटलं, माझ्या बाबांच्या मनगटात आता दोन खिळे आहेत, ते तुझे आहेत. ती म्हणाली, "ताई, ते कोड तुम्हीच बघून मंजूर केलं होतं." मी फोन कट केला.

खरं आहे. मंजूर केलं होतं. "बरं दिसतंय" असं लिहून.

२२ मार्च, शनिवार

बाबांना काल आश्रमात परत सोडलं. आज त्या दुकानदाराचे आभार मानायला गेले. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे असलं सगळं तोलून विकतो. दारातच एक जुना काटा.

म्हटलं, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर काय झालं असतं! तर म्हणतो कसा, "अहो, मी शोधायलाच निघालो होतो. काका रोज तीनच्या सुमाराला येतात. त्या दिवशी सहा वाजले तरी आले नाहीत, म्हटलं बघावं कुठे अडकलेत."

रोज?

"महिना झाला की. या स्टुलावर बसतात, पाऊण तासाने जातात. माझा काटा अर्धा तोळा खोटा दाखवत होता, त्यांनीच सरळ करून दिला. पेटी घेऊन आले होते. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे काटे तपासून झालेत त्यांचे. तुमच्या घरीच असतात ना? मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

म्हणजे बाबा रस्ता विसरले नव्हते. हरवलेही नव्हते. नेहमीच्या वाटेने निघाले होते आणि पाय घसरला.

महिनाभर रोज चौथ्या दाराने जायचे आणि यायचे. आणि महिनाभर घंटा वाजली नाही. मी घरी आले, चहा ठेवला, तो तसाच गॅसवर राहिला. भांडं करपलं. मला कुणी आश्रमात टाकलं नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी लॉग उघडला. पहिल्यांदा वाचला.

दार चारची घंटा शेवटची वाजली १२ फेब्रुवारीला, अकरा वाजता. त्यानंतर एकदाही नाही. आमचं अ‍ॅप रोज पहाटे नव्याने सुरू होतं, आणि १३ तारखेपासून बाबा पडले त्या दिवसापर्यंत रोज तिथे एक ओळ लिहिलेली आहे — दार ४, घंटा चालू आहे की नाही ते फाइलीत सापडलं नाही. चौतीस दिवस, चौतीस वेळा. माझीच तपासणी सांगत होती, माझ्याच शब्दांत. मी ते इशारे मोजत बसले होते, कारण मला महाराजांना तोंडघशी पाडायचं होतं.

मग फाइलीचा इतिहास काढला. १२ फेब्रुवारी, दुपारी दीड. माझं नाव. मंजुरी — कुणाची नाही.

असं झालं. मूळ कॉन्फिगमध्ये, म्हणजे सगळ्या आश्रमांच्या सामायिक फाइलीत, प्रत्येक दाराला "घंटा" नावाचा एक डबा आहे. त्यात तीन गोष्टी — चालू आहे का, किती सेकंद, फोन कुणाला. मी बाबांच्या दारासाठी नवा "घंटा" डबा लिहिला आणि त्यात एकच गोष्ट ठेवली, नव्वद सेकंद. मला वाटलं, उरलेल्या दोन मूळ डब्यातून येतील. चष्मेवालीने दोन्ही फाइली तीन ठिपके देऊन जोडल्या होत्या, जावास्क्रिप्टमध्ये सगळे तसंच करतात. पण ते तीन ठिपके डब्याच्या आत बघत नाहीत. जुना डबा उचलतात, नवा ठेवतात. अ‍ॅपने विचारलं, घंटा चालू आहे का? उत्तर — अनडिफाइन्ड. आणि जावास्क्रिप्टच्या लेखी ते "नाही"च.

हे मी शिकवते लोकांना! नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवते. चष्मेवालीलाही शिकवलं असणार. तपासणी चालू असती तर अ‍ॅपने मला दुसऱ्या पहाटेच हटकलं असतं, हे खरं. ती महाराजांनी बंद केली, हेही खरं. पण ती ओळ माझी आहे. आणि माझ्या बोटांना तेव्हा एकदाही वाटलं नाही, की जरा थांबावं, ती जेवून येऊ दे.

२४ मार्च, सोमवार

काही बोलले नाही. चष्मेवालीचे डोळे सुजलेले. मी दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले.

२५ मार्च, मंगळवार

सांगितलं.

महाराज अहवाल मोठ्याने वाचत होते. "जोडणीच्या कोडमधील त्रुटी, संबंधित कर्मचाऱ्याची सेवा संपवण्यात येत आहे." चष्मेवाली समोर वही उघडून बसली होती, वहीत काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, फाइल मी बदलली. कुणाला न दाखवता. बाबांसाठी.

महाराजांना आश्चर्य वाटलं नाही. चष्मेवालीला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे मॅडम. तुमचं नाव मी गुरुवारीच बघितलं. तुमच्या सोयीचं करत होतो. तुम्ही तपासणीचा विषय काढू नका, मी फाइलीचा काढत नाही. तिचं काय, तरुण आहे, दुसरीकडे लागेल."

म्हणजे हा माणूस मला इतका स्वच्छ ओळखतो, की मी गप्प बसेन असं धरूनच चालला होता! आणि दोन दिवस मी बसलेच होते की. त्याचाच जास्त संताप आला.

अहवाल मी लिहिला. त्यात तीन ओळी — तपासणी कुणी बंद करायला लावली, कोड कुणी मंजूर केलं, फाइल कुणी बदलली. तीनपैकी दोन ठिकाणी माझं नाव. महाराजांनी पहिली ओळ काढायला सांगितली. नाही काढली, थेट आश्रमाला पाठवली. संध्याकाळी चष्मेवालीच्या टेबलापाशी गेले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आलं, "त्या खिळ्यांचं मी बोलले ते." ती म्हणाली, "हो ताई." एवढंच. ती मला माफ करणार नाही आणि करूही नये.

२७ मार्च, गुरुवार

आश्रमाने पत्र पाठवलं — फाइल तपासल्याशिवाय अ‍ॅप सुरू होता कामा नये, लेखी द्या. मी दोन महिने घसा कोरडा केला ते एका पत्राने झालं. त्या पत्राची किंमत बाबांनी मोजली.

सकाळी तपासणी चालू केली. सात आश्रमांची अ‍ॅप्स सुरू व्हायला नकार देत उभी राहिली. सात! प्रत्येक फाइलीत काहीतरी गायब. एकेक दुरुस्त करत गेलो. चष्मेवाली वाचून दाखवायची, मी भरायची. कामापलीकडे एक शब्द नाही. बाबांच्या दाराची फाइल तिने उघडली. मी म्हटलं, तिन्ही गोष्टी लिही. चालू. फोन नर्सचा. सेकंद?

"किती लिहू ताई?"

वीस, म्हटलं.

नर्सला फोन करून दाराबाहेर थांबून बघायला सांगितलं. वाजली. फोनमधूनसुद्धा कानठळ्या बसल्या.

एक तारखेपासून मी दुसऱ्या कामावर. तपासणी आता चष्मेवालीच्या हवाली, नोकरी पक्की झाली तिची. महाराज जिथे होते तिथेच. दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तूच." मी हो म्हटलं. "बाबांना सांगितलंस?" नाही. रविवारी सांगणार आहे. आपल्या निष्काळजीपणाने त्यांचा हात मोडला, हे आपल्या तोंडाने सांगायला हवं. त्यांना खोटं माप कधी चाललं नाही.

३० मार्च, रविवार

नवे बूट घेऊन गेले. बाबांनी खोका उघडला नाही. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"तीनदा तपासली होती मी. पाच-पाच मिनिटं दाराबाहेर उभा राहिलो. वाजत नाही म्हटल्यावर समजलो, हे तूच केलंस. दादापुढे सही केलीस, पण मागचं दार माझ्यासाठी मोकळं ठेवलंस. छत्तीस वर्षांत खोट दिसली आणि गप्प बसलो, असं एकदाच झालं. तू केलं होतंस म्हणून. परवा हॉस्पिटलातसुद्धा कुणाला बोललो नाही."

मग विचारलं, "आता परत चालू कुणी केली गं?"

मी म्हटलं, ऑफिसने.